देवस्थळींच्या वहीतलं इंग्रजी साहित्य

आमच्या सासऱ्यांनी इंग्रजी साहित्य वाचलेलं नाही. त्यांनी ते क्लिअर केलंय. म्हणजे कसं, ते सांगते.

दत्तात्रय देवस्थळी, वय अठ्ठ्याहत्तर, कस्टम्समधून निवृत्त. तेहतीस वर्षं एकच काम केलं: इथे बंगालमध्ये खिदिरपूरच्या गोदीत आलेल्या मालाला टॅरिफचा नंबर द्यायचा. वस्तू कुठल्या प्रकरणात, कुठल्या कलमात बसते ते ठरवायचं. दोन कलमांत सारखीच बसली आणि काही केल्या निकाल लागला नाही, तर पुस्तकात जे कलम शेवटी येतं त्यात टाकायची, असा नियमच आहे म्हणे. लाकडी हरणाच्या पोटात बसवलेल्या घड्याळाची गोष्ट मी लग्न होऊन आल्यापासून दर रविवारी ऐकतेय. हरीण लाकडात की घड्याळात? घड्याळात! मग स्वतःच हसायचं. बरं, ते हरीण यांनी डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. "पेटी उघडायची गरज नसते, मृणाल. कागद वाचता आला पाहिजे."

निवृत्त झाल्यावर माणसं कुंड्या लावतात, देवळात जातात, सुनेच्या आमटीला नावं ठेवतात. आमटीचं यांनी केलंच, शिवाय कॉलेज स्ट्रीटवरून जुनी गाइडं आणली आणि सॉल्ट लेकच्या आमच्या फ्लॅटमध्ये इंग्रजी साहित्याचं टॅरिफ लिहायला बसले. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, तो असा. जाड बांधीव वही, लाल-निळी पेन्सिल. प्रकरण पहिलं अँग्लो-सॅक्सन, मग मिडल इंग्लिश, रेनेसाँ, निओक्लासिकल, रोमँटिक, व्हिक्टोरियन, मॉडर्न. प्रत्येकाखाली सन, कवी आणि लक्षणं. एखादा कवी दोन काळांच्या मध्ये जगला असला, तर? शेवटच्या कलमात! बिचाऱ्याचं अर्धं आयुष्य गेलं वाऱ्यावर. अलंकारांचंही तेच. सिमिली, मेटाफर, पर्सॉनिफिकेशन, आयरनी, सगळ्यांना नंबर. एका ओळीला एकच अलंकार; दुसरा दिसला की त्याला हाकललंच. आख्खी कविता मात्र या माणसाने आयुष्यात एकही वाचली असेल तर शपथ.

आपल्या वहीत घालायचा होता तेवढा गोंधळ घालून गप्प बसले असते, तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण घरात नूपुर होती, माझी मुलगी. सारंग, म्हणजे नवरा, सेक्टर फाइव्हच्या आयटी ऑफिसात दिवसभर अडकलेला. मी शाळेच्या ऑफिसात. पोर दुपारभर आजोबांच्या ताब्यात. सातवीपासून तिला रोज वीस ओळी द्यायचे. अलंकार ओळखायचा, काळ ओळखायचा, पुढची ओळ. ओळी गाइडातून सुट्या काढलेल्या, कुठून आल्या त्याचा पत्ता नाही. समोर घड्याळ. एकदा पोरगी एका ओळीवर थांबली आणि म्हणाली, "आजोबा, हा असं का म्हणतो?" तर म्हणाले, "ते प्रश्नपत्रिकेत नाही." काय बोलायचं आता या उंटावरच्या शहाण्याला!

पण खरं सांगू? मीही तशीच. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत नूपुरने स्टेजवर अडीच मिनिटांत सगळे काळ सनावळीसकट घडाघडा म्हटले, तेव्हा सगळ्यात जास्त टाळ्या मी वाजवल्या. व्हिडिओ साताऱ्याला आईला पाठवला. "बघ तुझी नात," म्हटलं. दत्तात्रय देवस्थळी पहिल्या रांगेत बसून एकेका सनाला मान डोलवत होते आणि मला चक्क त्यांचा अभिमान वाटला. माझ्या अकलेचीही धन्यच.

या वर्षी नूपुर बारावी झाली. तिला एकच कॉलेज हवं होतं आणि एकच विषय, इंग्रजी ऑनर्स. सारंग म्हणाला, डेटा सायन्स घे. तर तीन दिवस बापाशी बोलली नाही. मार्क भरपूर होते. राहिली होती मुलाखत. आजोबांनी महिनाभर आधी आघाडी उघडली. सकाळी पन्नास ओळी, संध्याकाळी पन्नास. "अनोळखी कविता देतील," म्हणाले, "दीड मिनिटात निकाल लावायचा. समोरचे गारच झाले पाहिजेत."

मुलाखतीला आजोबा स्वतः आले, इस्त्रीचा सफारी घालून. मीही होतेच. नूपुर आत गेली आणि दहा मिनिटांत बाहेर आली. यांचा पहिला प्रश्न, "किती अलंकार सापडले?" ती म्हणाली, "सात." हे असे फुलले की विचारू नका. कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानातून अर्धा किलो संदेश घेतला आणि ऑटोवाल्यालाही एक दिला.

ऑटोत मी तिला विचारलं, "आणखी काय विचारलं गं?"

"मॅडम म्हणाल्या, कवितेत कोण गेलंय? मी म्हटलं, कोणी नाही. ही एलिजी नाही, शोकगीत नाही. एलिजीत मेलेल्याचं नाव असतं."

"बरोबर!" ऑटोवाल्याशेजारी बसलेले आजोबा.

"मग म्हणाल्या, परत वाच. मी वाचली. मग म्हणाल्या, ओके, थँक यू."

गुरुवारी यादी लागली. मोबाईलवर मी तीनदा वरून खाली, खालून वर गेले. नूपुर देवस्थळी नव्हतं. पोरगी खोलीत जाऊन दार लावून बसली, दुपारी जेवली नाही. सासऱ्यांचं म्हणणं, "वशिला असणार. बंगाल्यांचं काय सांगावं." तेहतीस वर्षं ज्यांच्या मांडीला मांडी लावून डबा खाल्ला, तेच बंगाली! तिडीक गेली डोक्यात.

संध्याकाळी नूपुर बाहेर आली. मुलाखतीतल्या कवितेचा कागद मॅडमनी तिला घरी नेऊ दिला होता. मी म्हटलं, दाखव बघू. मी मराठी शाळेतली, माझं इंग्रजी ऑफिसच्या पत्रांपुरतं. डायनिंग टेबलाशी बसून एकेक शब्द लावत वाचली. बारा ओळी. एक बाई कपाट आवरतेय. छोटे स्वेटर घड्या घालून ठेवतेय. एकाचं बटण तुटलेलं, ते ती शिवते. शिवून झाल्यावर पुन्हा तपासते, पक्कं बसलंय ना. मग ट्रंकेत ठेवते आणि ट्रंकेला कुलूप लावते. बस, एवढंच. मूल कुठेच नाही. माझे डोळे भरून आले, अगदी घळाघळा. कोणी सांगायला नको होतं हो, कोण गेलंय ते!

"आई, काय झालं?" नूपुर खरंच घाबरली. "एवढं काय आहे त्यात?"

मी कागद टेबलावर ठेवून तिच्याकडे बघितलं. माझी मुलगी, अठरा वर्षांची, डोळ्यांनी धडधाकट. मग माझा तोल गेला. "बाबा," मी म्हटलं, "या मुलीला तुम्ही काय करून ठेवलंत? तिच्यासमोर एका आईचं लेकरू गेलं आणि ती मोजत बसली! एकदा, फक्त एकदा वाचा ही. पेन्सिल खाली ठेवून वाचा."

लग्नानंतरच्या वीस वर्षांत मी त्यांच्याशी आवाज चढवला नव्हता. त्यांनी चष्मा लावला. कागद घेतला. वाचला. पुन्हा वाचला, बोट फिरवत, अगदी सावकाश. चष्मा काढून पुसला, परत लावला. मला वाटलं, चला, पाझर फुटला म्हातारबांना. मी पाणी आणायला उठलेसुद्धा.

"तरीच," ते म्हणाले. "तरीच नाही घेतलं. आठ आहेत. एक राहिला तिचा."

नूपुर झटकन त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. दिवसभरात पहिल्यांदा तिच्या तोंडावर जीव आला होता.

"कुठल्या ओळीत, आजोबा?"