तुरटीचा खडा

सासरे गेल्यावर सासूबाई महाळुंग्याहून आमच्या सांगवीच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या, त्या जवळजवळ मुक्याच. सासऱ्यांच्या तापावर त्यांनी घरचा काढा दिला होता आणि दवाखान्यात न्यायला उशीर झाला. आधी आणलं असतं तरी फार फरक पडला नसता, असं डॉक्टरांनी समजावलं. त्यांना ते पटलं नाही. "माझ्याच हातानं गेले," एवढंच एकदा म्हणाल्या. त्यानंतर साधं चहाचं आधण ठेवायलाही त्यांचा हात पुढे होईना.

नवऱ्याने त्यांच्या विरंगुळ्याला काचेची छोटी टाकी आणि दोन गोल्डफिश आणले. मी कुरकुरले. माणसांना पाणी एक दिवसाआड, आणि माशांचे हे लाड! पण सासूबाई टाकीसमोर बसू लागल्या, चिमूटभर खाणं टाकू लागल्या. माझी कुरकुर थांबली आणि काळजी सुरू झाली, कारण आठवड्यातच पाणी दुधाळ झालं.

पिंपरीतला मासेवाला फोनवर म्हणाला, "ताई, नव्या टाकीत असं होतंच. खाणं कमी करा. नळाचं पाणी दिवसभर बादलीत ठेवून त्यातलं थोडंथोडं बदला. बाकी हात लावू नका, आपोआप निवळेल."

हात लावू नका म्हणे! सिंकमध्ये एक चमचा उष्टा राहिला तरी मला चैन पडत नाही. ऑफिसात बसूनही डोळ्यांपुढे तेच पाणी. मासे मेले तर या बाईचं काय होईल?

एका संध्याकाळी घरी आले तर पाणी लख्ख. क्षणभर हरखलेच. मग टाकीशेजारी ओला तुरटीचा खडा दिसला.

"फिरवली जरा," सासूबाई म्हणाल्या. "गावाला रांजणात आमी असंच करायचो. बघ की, कसं निवळलंय." किती दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला होता. आणि त्यांच्या मागे एक मासा तळाशी आडवा पडला होता, दुसरा वर येऊन तोंड उघडमीट करत होता.

मी घाईघाईने फोन लावला, तोही स्पीकरवर.

"तुरटी? अहो ताई!" मासेवाला ओरडला. "निम्मं पाणी काढा आणि बादलीतलं सोडा. पण अगदी हळू, एकदम ओतू नका."

सासूबाईंनी सगळं ऐकलं. दोन्ही हात पदराखाली घेतले. "परत माझाच हात," त्या पुटपुटल्या.

मी निम्मं पाणी काढलं. तांब्या भरून घेतला, तर हात असा कापत होता की पाणी भसकन जमिनीवर सांडलं.

"आई, तुम्ही ओता."

"न्हाई गं. माझा हात नको."

मला रागच आला. "नको काय? माझा थरथरतोय, दिसत नाही? तुमचाच पाहिजे!" लग्न झाल्यापासून त्यांच्यावर कधी असा आवाज चढवला नव्हता.

त्या उठल्या. तांब्या काचेच्या कडेला टेकवून त्यांनी सुतासारखी धार सोडली. एक तांब्या झाला, दुसरा झाला. हात जराही हलला नाही. मी तळाच्या माशावरून नजर काढत नव्हते. बऱ्याच वेळाने त्याचा कल्ला हलला, मग शेपटी.

"जित्ता हाय गं," त्या म्हणाल्या. आणि रिकामा तांब्या तसाच हातात धरून, सासरे गेल्यापासून पहिल्यांदाच, हुंदके देऊन रडल्या.