तापाचा भागाकार

चतुर्थीला आलेले मुंबईकर परत गेले आणि आठवड्याभरात आमच्या वाडीत ताप-खोकला सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, फ्लू आहे, म्हाताऱ्या माणसांना जपा. आमच्या घरात म्हातारं माणूस म्हणजे आई. वय अठ्ठ्याहत्तर, दमा जुना. आम्ही तारकर्लीजवळ किनाऱ्याला राहतो. तिचं माहेर घाटाच्या पायथ्याशी, दोन एसट्या बदलून. तिथून मामेभावाचा फोन आला, "आत्येक हंय धाडून दी रे. हंय तसो ताप नाय. असतीत चार जणां."

आईला जायचंच होतं. चार वर्षं ती माहेरी गेली नव्हती; तिकडच्या खबरा फोनवरच कळायच्या. तिने लगेच पिशवी भरली: दोन लुगडी, दम्याचा पंप आणि तिच्या वहिनीसाठी सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी.

'असतीत चार जणां' हा काही आकडा नव्हे. मी ओरोसला जिल्हा कचेरीत नोकरीला आहे, तक्ते भरण्यात दिवस जातो. खोकणाऱ्या माणसांनी भरलेल्या एसटीत तिला बसवायचं, तर तिकडचा ताप इथल्यापेक्षा बराच कमी आहे हे आधी कळायला हवं होतं. मामेभावाला घरोघर विचारायला लावलं. गेल्या पंधरा दिवसांत ताप आणि खोकला दोन्ही झालेला, तोच आजारी. इथे मी आरोग्य केंद्राच्या आशाताईंबरोबर फिरलो. आमचे बावीस निघाले, त्यांच्या वाडीचे पंधरा. मग दोन्हीकडच्या मतदार याद्या छापून आणल्या. यादीत मुलं नसतात, म्हणून आजारीही मोठेच धरले होते.

बायको म्हणाली, "अवो, आवशीक माहेराक धाडूचा तर धाडा. भागाकार कित्याक व्हयो?"

भागाकार आईच्या बाजूने आला. आमच्याकडे सातांत एक, तिकडे चौदांत एक. निम्मा ताप. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने जायचं ठरलं.

संध्याकाळी आई पडवीत बसली होती. "माझ्या माहेरची यादी मां ती? वाच बघूया, कोण कोण आसत."

मी वाचू लागलो. पहिल्याच नावाला ती म्हणाली, "तो खंय थंय? तो लालबागाक."

पुढचं नाव. "ती झिलाकडे, डोंबिवलेक. घराक टाळा."

त्याच्या पुढचं. "अरे, ह्यो तर मेलो मां! मेलेल्याक ताप येतलो कसो?"

मी पेन आणलं. आजारी कोणाला म्हणायचं यावर दोन दिवस घालवले होते. ज्यांच्यात ते मोजायचे ती माणसं गावात आहेत का, हे मात्र पाहिलं नव्हतं. दोनशे दहांतली एकशे वीस नावं कापली गेली. शंका येई तिथे मामेभावाला फोन केला. प्रत्येक वेळी आईचंच बरोबर निघालं. काही नावं मामेभावाने आणखी सांगितली; त्यांवर ती जरा थांबायची, "हीपण गेली काय?" म्हणायची, आणि मी रेघ मारायचो.

मग आमची यादी घेतली. तिच्या एकशे चौपन्न नावांतली बावीसच कापली गेली. इथे पर्यटकांच्या खोल्या आहेत, होड्या आहेत. माणसं टिकून आहेत.

पुन्हा भागाकार केला. दोन्हीकडे सहांत एक. इतक्या लहान वाड्यांत एखाद-दुसऱ्या माणसाने उत्तर हलतं, हे मी जाणतो. पण तिकडे निम्मा ताप, असं आता म्हणता येत नव्हतं, आणि एसटी होती तशीच होती.

आईला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मगे ऱ्हव दी." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि जावन भेटतलंय कोणाक? मे म्हयन्यात येतत सगळी."

मामेभाऊ फोनवर चिडला. "म्हणजे काय रे, एका दिसात आमच्याकडे ताप वाढलो?"

"ताप तेवढोच आसा," मी म्हटलं. "माणसां कमी झाली."

त्याने आईला फोन द्यायला सांगितला.

त्या दोघांचं बोलणं लांबलं. तोवर बायकोने पिशवीतली लुगडी घडी न मोडता कपाटात ठेवली. सोडे मात्र आईने काढू दिले नाहीत. सोडे मेपर्यंत टिकतात.