आप्पांच्या नाण्याची पारख

जवळ ये गं पोरी, अशी माझ्या गुडघ्याला लागून बस. लांब पुण्यात बसून हे वाचणार तू, तरी मनानं तेवढी सरक. आणि आधी बोलणी खा. फोन केलास की पहिलं विचारतेस, "नाण्याचं किती आलं?" आई जेवली का, आईचा गुडघा कसा आहे, ते सगळं मागनं. असं करतात व्हय? म्हणून फोनवर काही सांगितलं नाही. लिहून काढलं, म्हणजे मधेच तुला "बरं, ठेवते" म्हणता यायचं नाही.

तुझे आप्पा जन्मभर जांबोटीच्या गाडीवर कंडक्टर. दिवसभर हातात चिल्लर, आणि घरी आले की पुन्हा नाण्यांचाच नाद. सरकारनं काढलेलं ते चांदीचं स्मारक नाणं त्यांनी आगाऊ पैसे भरून मागवलं तेव्हा तू कॉलेजात होतीस. पोस्टानं पेटी आली. मखमलीच्या खाचेत नाणं, त्याला पारदर्शक डबी, सोबत छापील कागद. ते गेले आणि पेटी ट्रंकेत तशीच राहिली.

आता वर्षश्राद्ध तोंडावर आलं. आपल्यात गेलेल्या माणसाचा टाक करतात. बोटभर चांदीच्या पत्र्यावर त्याची आकृती उठवायची आणि वर्ष भरायच्या आत देवघरात बसवायची. माझ्या मनात एकच होतं, आप्पांचा टाक त्यांच्याच चांदीचा व्हावा. दुकानातली कुणाची कोण चांदी आणायची आणि म्हणायचं, हे घ्या, हे तुमचं, आप्पा. मला ते सोसत नव्हतं. म्हटलं, नाणं वितळवू.

तुझे काका बरोबर आले. त्यांनी मोबाईलवर बघितलं होतं, असल्या नाण्याला लाखो रुपये मिळतात म्हणे. बेळगाव येईपर्यंत गाडीत तेच. "वहिनी, पिशवी मांडीवर घ्या. वहिनी, पिशवीकडं बघू नका, लोकांना कळतंय." मी म्हटलं, "भावजी, तुमच्या बोलण्यानंच कळंल सगळ्यांना."

सराफानं पेटी उघडली, पण नाणं बाहेर काढलं नाही. आधी कागद वाचला. मग चष्मा वर करून म्हणाला, "आक्का, ह्यात चांदी निम्मीच हाय. बाकी तांबं आणि काय काय. वितळवलं तर टाकाजोगती चांदी निघायची न्हाय. आणि आपण देव काय मिसळीच्या चांदीचा करत न्हाय."

काका उसळले. "सरकार बी मिलावट करतंय व्हय?"

"मिलावट कसली? कागदावर लिहून दिलंय की. तुम्ही वाचलं न्हाय त्याला सरकार काय करणार?"

"घासून तरी बघा!"

"घासलं तर ओरखडा आला. मग हे नाणं मोडीत. हे वजनावर घालायचं न्हवंच, नाणी जमवणाऱ्या हौशी माणसाला दाखवायचं." त्यानंच वडगावातल्या एका निवृत्त बँकवाल्याचा पत्ता दिला.

त्या गल्लीत घराघरात मागांची खडखड. बोलायचं म्हणजे ओरडावं लागत होतं. म्हाताऱ्यानं भिंग लावलं, डबी उजेडात फिरवली, कड बघितली, कागद बघितला, पेटीचं झाकणसुद्धा बघितलं. काकांनी मदत म्हणून डबी उघडायला बोट घातलं तसा तो कानडीत किंचाळला, "मुट्टबेडी! मुट्टबेडी!" म्हणजे हात लावू नका. काका खुर्चीतनं अर्धे उठले.

मग त्यानं नीट समजावलं. नाण्यावर छापलेला रुपयांचा आकडा दुकानात कामाचा नाही. चांदीचा भाव धरला तर निम्माच धरायचा. पण पेटी आहे, कागद आहे, एकही डाग नाही, आणि असली नाणी काढलीच थोडी, म्हणून हौशी माणूस चांदीपेक्षा बरंच जास्त देतो. लाख वगैरे विसरा. त्यानं स्वतःचा भाव सांगितला. वाईट नव्हता. "आत्ता देतो," म्हणाला.

"द्या वहिनी," काका म्हणाले. "ह्यात शुद्ध चांदीचा टाक येतोय, वर चार माणसांचं जेवण निघतंय."

बरोबरच होतं त्यांचं. पण मग टाकात आप्पांचं काय राहिलं? मी पेटी मिटली, "विचार करून सांगते" म्हटलं आणि रस्त्यावर आले. डोळ्यांत पाणी होतं, ते काकांना दिसू नये म्हणून पुढं पुढं चालले.

घरी येऊन पेटी ट्रंकेत ठेवताना हाताला रुमालाची पुरचुंडी लागली. माझी जोडवी. दहाव्याला काढली होती, ती तिथंच. एकदा झिजून पार तारेसारखी झाली होती, तेव्हा आप्पांनी पगारातली चांदी घालून जड करून आणली होती. मी खाली बसले ती उठलेच नाही लवकर.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सराफाकडं. पुरचुंडी सोडली आणि काका बिचकले. "वहिनी, पायातली चांदी देवघरात? लोक काय म्हणतील?"

"ह्याच पायांनी तुमच्या घरात पाणी भरलं, भावजी. तेव्हा बाटलं न्हाय ते देवघर?"

सराफानं जोडवी कसाला लावली. "जुनी चांदी, चांगली हाय," म्हणाला. "आणि दादा, आगीत गेल्यावर पायातली कुठली न् डोक्यातली कुठली?" मुशीत जोडवी लाल झाली, कडा सुटल्या, आणि बघता बघता थेंब झाला. मी नजर काढली नाही. घडणावळीचे पैसे काकांनी दिले, माझ्याकडं न बघता.

टाक झाला आहे. साचा सगळ्यांना एकच, त्यामुळं आप्पांना कधी नव्हत्या तेवढ्या मिशा आल्यात. सध्या तांदळाच्या वाटीत झाकून ठेवलाय. पहिलं पाणी लेकीनं घालायचं, असं मी ठरवलंय. शास्त्रात असो नसो. नाणं ट्रंकेत आहे, त्याचा भाव तुला आल्यावर सांगेन. ठेवायचं का द्यायचं, ते तू ठरव. दिवसकार्य करून गेलीस ती आली नाहीस. ये बाई आता, श्राद्धाच्या आदल्या दिवशी नको, चार दिवस आधीच ये.