मोहरीचा दाणा आणि अवधूतचा कॅमेरा

अवधूतचा प्रबंध या जन्मी पुरा होईल का, हा विचार काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. माझा मुलगा चौतीस वर्षांचा आहे, साताऱ्यातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि गेली तीन वर्षं एक कॅमेरा निवडतो आहे.

प्रबंध कासच्या पठारावरल्या मोहरीएवढ्या फुलांवर आहे. फूल तोडलं की घाट उतरेपर्यंत मान टाकतं, म्हणून जागेवरच, अगदी जवळून फोटो हवा. फुलं ऑगस्टात येतात, सप्टेंबर संपता संपता जातात. त्याचे मार्गदर्शक सर या डिसेंबरात निवृत्त होतायत, म्हणजे हाच हंगाम शेवटचा. "साधा रोलचा कॅमेरा घे," असं सरांनी सांगून पाहिलं. पण अवधूतला डिजिटलच हवा. फोटो बिघडला तर तिथल्या तिथे कळतो. रोल धुऊन येईपर्यंत फुलं संपलेली असतात. त्याचं म्हणणं बरोबर आहे. अवधूतचं म्हणणं नेहमीच बरोबर असतं, त्यामुळेच काही होत नाही.

पुण्याला कॅमेरे बघायला जाताना तो माझ्या मिसळणाच्या डब्यातली मोहरी पुडीत बांधून नेतो. दुकानदाराच्या काचेवर एक दाणा ठेवायचा आणि म्हणायचं, "हा पडदाभर दिसला पाहिजे." मे महिन्यात मीही बरोबर होते. फ्लॉपीवर फोटो घेणाऱ्या एका कॅमेऱ्यात तो दाणा लिंबाएवढा दिसला, वरच्या खाचासुद्धा दिसल्या. दुकानदार बिल करायला वळला.

"पण डावीकडे सावली पडतेय," अवधूत म्हणाला.

दुसरा कॅमेरा चित्र छान काढायचा, पण वीतभर लांबूनच. तिसऱ्यात सगळं होतं, आणि त्याची किंमत स्कूटरला लाजवेल अशी होती. आम्ही मोहरी परत पुडीत बांधली आणि एसटीने घरी आलो. ती मी दुसऱ्या दिवशी आमटीच्या फोडणीला घातली. तीन वर्षांत तिचा तेवढाच उपयोग झाला.

माझी सून वल्लरी हे सगळं शांतपणे बघते. परवा भाजी निवडताना म्हणाली, "आई, मला बघायला आले होते तेव्हा दहा मिनिटांत हो म्हणाले हे."

"नशीब तुझं."

"नशीब कसलं? पुढच्या वर्षी नवीन मॉडेल येतंय असं कोणी सांगितलं नसेल."

माझी सांगलीची भाची मयूरी अमेरिकेत असते. भावाच्या लग्नाला ती या शनिवारी तिकडून निघतेय. तिकडे कॅमेरे बरेच स्वस्त, म्हणून तिने आपण होऊन सोमवारी फोन केला. तिचा आवाज रिसीव्हरबाहेर सगळ्या घराला ऐकू येतो.

"दादा, फक्त नाव सांग. मी घेऊन येते."

"सांगतो गं. सप्टेंबरात एक नवीन निघतोय, तो बघून..."

"फुलं कधी येतात तुझी?"

"ऑगस्टात."

"मग फुलांना जरा थांबायला सांग."

तो हसला आणि "शुक्रवारपर्यंत कळवतो" म्हणाला. आज शुक्रवार. जेवताना विचारलं तर म्हणतो, "आई, घाईत घेतलेली वस्तू जन्मभर नडते." वल्लरीने त्याच्या पानात भात वाढला.

मला आता कळतंय. कॅमेरा आला की फोटो येतील, फोटो आले की लिहावं लागेल, आणि लिहिलेलं सर वाचतील. कॅमेरा येत नाही तोवर हा प्रबंध उत्तमच आहे. त्यात कोणालाही एक चूक काढता येणार नाही.

सगळे झोपलेत. मयूरीकडे आता दिवस असेल, दुकानं उघडी असतील. फोनच्या कुलपाची किल्ली माझ्याजवळ असते. हे लिहून झालं की तिला फोन लावणार आहे. सांगायचं थोडकंच आहे: घरातली चिमूटभर मोहरी घेऊन दुकानात जा, दाणा मोठा दाखवील तो स्वस्तातला कॅमेरा घे, सावली पडली तरी चालेल. आणि अवधूतला विचारत बसू नकोस.