तटाबाहेरचे गवंडी

वर्ल्ड कपच्या आदल्या उन्हाळ्यात मी दोहाच्या एका स्टेडियमवर इंजिनिअर होतो. तिथल्या इंग्रज सल्लागाराला सगळे लॉर्डसाब म्हणत, कारण तो खरोखरच उमराव घराण्यातला होता. भर उन्हातही तो कोट घाली आणि त्याला कधी घाम येत नसे.

उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम करायला बंदी होती. तरीही गवंड्यांना त्या वेळी कामाला लावायचा कागद त्याने माझ्यापुढे ठेवला. मी सही नाकारली. तो रागावला नाही, घराण्याची गोष्ट सांगू लागला. सतराव्या शतकात, इंग्लंडमधल्या यादवी युद्धात त्याच्या पूर्वजाने गवंड्यांकडून गढीभोवती तट बांधून घेतला आणि शत्रू येताच दार लावलं. गवंडी बाहेरच राहिले.

"मेले?" मी विचारलं.

"गढी वाचली, यंग मॅन."

"दार उघडा, असं कुणीच म्हटलं नाही?"

"कारभारी म्हणाला. त्यालाही बाहेर काढलं." तो हसला. "फार वेळ ठोठावत होता."

दुसऱ्या दिवशी माझ्या गेटपासने फाटक उघडेना. आत रणरणत्या उन्हात गवंडी ब्लॉक रचत होते. मी फाटकावर मुठी आपटत ओरडलो, "काम बंद करो, भाई!" पलीकडे लॉर्डसाब डोळे मिटून उभा होता, ओळखीचा आवाज ऐकावा तसा.