उजव्या हातातल्या बांगड्या

नोकरीतल्या कितीतरी गोष्टी विसरलो. ही घटना मात्र विसरता येत नाही.

महासाथीचं दुसरं वर्ष होतं. मुंबईतल्या खारदांडा कोळीवाड्यातली एक मासे विकणारी बाई आमच्या पोलीस ठाण्यात आली. "साहेब, माझी शेजारीण गळ्यातला हार एका माणसाला द्यायला निघालीय. तो तिला फसवतो."

शेजारणीचा नवरा गुजरातच्या बोटीवर खलाशी होता. बोट समुद्रातली हद्द ओलांडून गेली आणि तो शेजारी देशाच्या तुरुंगात अडकला. एरवी असे कैदी उशिरा का होईना, सुटून येत. साथीत सीमाच बंद झाली. अधिकाऱ्यांच्या बैठका थांबल्या, मालाचे ट्रक अडकले आणि नवऱ्याची खबरही येईना.

साध्या वेशातले दोन शिपाई पाठवून त्या माणसाला हार घेतानाच ताब्यात घेतलं. शेजारीण मात्र फिर्याद द्यायला तयार होईना. तो नवऱ्याचे निरोप आणतो, म्हणाली.

आरोपी अंधेरीचा सुकामेव्याचा व्यापारी, बोलण्यात पक्का.

"सीमेपलीकडे माझी माणसं आहेत साहेब."

"ट्रक तर बंद आहेत ना रे?"

"दुबईमार्गे निरोप येतो."

"शेवटचा निरोप काय होता?"

"बायकोला सांग, माझ्यासाठी दोन्ही हातांत हिरवा चुडा भरून ठेव."

माझं डोकं फिरलं. तिथल्या कोळणी लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला वाहतात, नवऱ्याला सांभाळ म्हणून. तो हात पुढे रिकामाच राहतो. कोळ्याचा मुलगा असा निरोप धाडेलच कसा? एवढं ऐकवल्यावर गडी ढेपाळला. "माल सीमेवर सडला साहेब, धंद्याची वाट लागली," म्हणाला आणि सगळं कबूल केलं.

शेजारणीला बोलावून सांगितलं. ती शांत होती.

"मना ठाव व्हता साहेब. चुड्याचं बोलला तवाच."

"मग हार का देत होतीस?"

"सरकारातून कोनी येईना. ह्यो येऊन त्याचं नाव तरी घ्यायचा. आता कोन घेनार?"

कोर्टाच्या हुकमाने तिला हार परत मिळाला, माझी पाठ थोपटली गेली. पण खोटं पकडणं म्हणजे न्याय देणं नव्हे, हे मी त्या बाईकडून शिकलो. दोन देशांनी अबोला धरला की तो कुणाच्या घरात येऊन बसतो, तेही तिथेच पाहिलं.

पुढे सीमा उघडली. आधी माल आला. तिचा नवरा त्यानंतर आला, पेटीतून. त्या दिवशी तिने डावा हातही रिकामा केला.