शटलमध्ये राहिलेली कानबाई

मी देवाचं मनापासून करते, असं म्हणायची मला त्या दिवसापर्यंत लाज वाटायची, कारण ते खरं नव्हतं. लग्न होऊन खानदेशातल्या घरात आल्यापासून श्रावणात कानबाई, म्हणजे घरची देवी, बसवणं, तिच्या नैवेद्याला गव्हाचे रोट करणं, आरत्या म्हणणं हे सगळं मी न चुकता केलं. पण कारखान्यात माल निघताना यादीवर एकेक खूण करतो, त्या वृत्तीनं. सिल्वासाजवळ राखोलीला आम्ही अकरा वर्षं राहतो. नवरा तिथल्याच एका कंपनीत मशीनवर, मी दुसरीकडे पॅकिंगची सुपरवायझर. माझ्या नजरेतून काही सुटत नाही असा माझा तिथे लौकिक आहे, आणि खरं सांगते, तो मला आवडतो. म्हणून पुढचं लिहिताना जरा जड जातं, कारण जे सुटलं ते माझ्याच हातून सुटलं.

आमच्या कानबाईचा नारळ पिढ्यानपिढ्या चालत आलेला आहे. दरवर्षी तोच नारळ कोरतात, सजवतात, नाकात नथ घालतात, दुसऱ्या दिवशी नदीत बुडी देऊन पुन्हा घरी आणतात. तो असतो दोंडाईच्याजवळच्या गावी, माझ्या थोरल्या दिरांकडे. काही वर्षांपूर्वी सासूबाई पडल्या, खुबा मोडला आणि त्या आमच्याकडे राहायला आल्या. आता त्यांना गावी नेणं शक्य नव्हतं. श्रावण लागला तसं त्यांनी एकच धोशा लावला, या वर्षी कानबाई इथे आणा, मला डोळे भरून पाहू द्या. दीर ऐकेनात. "देव काय डबा शे का, इकडथून तिकडे लई जावाले?" असं फोनवर म्हणाले. दोघा भावांत पंधरा दिवस बोलणं बंद होतं. शेवटी आईसाठी म्हणून ते कबूल झाले. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून आणायला मी गेले. गाडीत बसवताना दिरांनी लाल कापडात बांधलेला नारळ माझ्या ओंजळीत दिला आणि म्हणाले, पाच पिढ्यांची ठेव आहे, जप. मी जरा रागानंच "हो" म्हटलं. मला कुणी जप म्हणून सांगावं हेच मला आवडलं नव्हतं.

उधन्याला गाडी बदलून मी वापीला उतरले तेव्हा दुपार झाली होती. स्टेशनबाहेरून सिल्वासाला शटल सुटतात. व्हॅन असते, सवारी भरली की निघते. माझ्याजवळ दोन पिशव्या आणि नारळ. मला पुढची, ड्रायव्हरशेजारची जागा मिळाली, पण खाली सगळ्यांच्या चपला, आणि मांडीवर जेवणाच्या डब्याची पिशवी. देवीला तिथे कसं ठेवणार? ड्रायव्हरपुढच्या फळीवर त्याची देवाची छोटी मूर्ती होती, पुढे ताजं जास्वंदीचं फूल. मी त्याला विचारलं. पन्नाशीचा, किडकिडीत माणूस होता. "ठेवा ने बेन, ही जागा चोख्खी हाय," म्हणाला आणि स्वतःच फडक्यानं फळी पुसून दिली. मी नारळ मूर्तीशेजारी ठेवला आणि मनातल्या मनात दिरांना म्हटलं, बघा दादा, कशी जपते मी.

दादरा मागे पडल्यावर दिरांचा फोन आला. नारळ नीट आहे ना? मी म्हटलं, हो, समोरच आहे माझ्या. ते खोटं नव्हतं. मग ते सूचना देत राहिले, कोरायचा कसा, नथ कोणती, चौरंगाखाली काय मांडायचं. मी हं हं करत राहिले. किलवणी नाक्याच्या थोडं अलीकडे, जिथून राखोलीच्या रिक्षा मिळतात त्या वळणावर, मी व्हॅन थांबवली, फोन कान-खांद्यात धरूनच दोन्ही पिशव्या घेतल्या आणि उतरले. व्हॅन पुढे नाक्याच्या स्टँडवर गेली, मी राखोलीच्या रिक्षात बसले. दमणगंगेच्या पुलावर रिक्षा आली तेव्हा पाणी बघून शेजारची बाई हात जोडू लागली. मीही जोडायला गेले, आणि माझे हात रिकामे आहेत हे मला कळलं.

काय हरवलं होतं ते मला नीट कळत होतं. दुसरा नारळ आणता येतो, बाजारात ढीग पडलेला असतो. पण मोडक्या खुब्यानं उंबऱ्याकडे तोंड करून बसलेल्या म्हातारीला काय सांगणार? आणि दीर? हे दोन भाऊ पुन्हा एका पंगतीला बसले नसते. आमच्याकडे शनिवारी दिवेलागणीला नारळ पुढ्यात ठेवून रोटाचे गहू मोजतात, रविवारी देवी बसते. तो दिवस शनिवारच होता, म्हणजे माझ्या हातात अंधार पडेपर्यंतचा वेळ होता. पूल संपताच मी उतरले, रस्ता ओलांडला आणि खानवेलकडून येणाऱ्या बसला हात केला.

नाक्याच्या स्टँडवर पंधरा-वीस गाड्या. नंबर मी पाहिला नव्हता. पांढरी व्हॅन, पुढे जास्वंद, एवढंच सांगता येत होतं, आणि तिथली प्रत्येक व्हॅन पांढरी. एकजण म्हणाला, "वो किडकिडा काका? शिफ्टवाली सवारी लेके खेरडी गया." पाळी बदलायची वेळ होती, खरं वाटलं. स्पेशल रिक्षा करून खेरडीला गेले. तिथल्या पारावर व्हॅन होती, ड्रायव्हर दुसराच. तो म्हणाला, "काका तो वापी में होगा, बेन, उसका नंबर उधर का है." पुन्हा नाका, पुन्हा बस, पुन्हा वापी. बसमध्ये उभ्यानं जाताना मी डोळे गच्च मिटले आणि कधी केला नव्हता असा धावा केला. नवस बोलले. अनवाणी येईन म्हटलं, उपास करीन म्हटलं. दिरांचे चार फोन आले, एकही उचलला नाही. वापीत स्टेशनबाहेर प्रत्येक व्हॅनच्या काचेतून आत डोकावून पाहिलं, लोक मला वेडी समजले असतील. कुणी म्हणालं आला नाही, कुणी म्हणालं आत्ताच गेला. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, भर रस्त्यात.

परतीच्या बसमध्ये मला बसायला जागा मिळाली. खिडकीबाहेर उजेड पिवळा पडत चालला होता. तिथे माझ्यातलं काहीतरी सुटलं. नवस बोलताना मी देवीशीही सौदा करत होते, मालाची ऑर्डर बदलून घ्यावी तसा, हे ध्यानात आलं आणि लाज वाटली. मी मनात म्हटलं, माय, माझ्याच्यानं आता होत नाही. तुला यायचं असेल तर ये. नाही आलीस तर मी घरी जाऊन सासूबाईंच्या पाया पडेन आणि खरं सांगेन. एवढं बोलले आणि आश्चर्य म्हणजे डोळ्यांतलं पाणी थांबलं. आता स्टँडवर जाण्यात अर्थ नव्हता. घरीच जायचं होतं, म्हणून राखोलीच्या रिक्षा मिळतात त्या वळणावर मी उतरले.

समोर कडुनिंबाखाली पांढरी व्हॅन उभी होती. सगळी दारं उघडी, आत एकही सवारी नाही. तो माणूस चपला काढून पायरीवर बसला होता. फळीवर लाल कापडातला नारळ जसाच्या तसा, वर त्यानं स्वच्छ रुमाल पांघरला होता. मला बघून तो उठला आणि रागावूनच बोलला, "कवापासून बसलो ने बेन! तुमी गेलां कुठं?"

स्टँडवर सवारी उतरवताना त्याला नारळ दिसला होता. तो लगेच मागे फिरला, पण माझी रिक्षा गेलेली. मग तो तिथेच थांबला. मी विचारलं, स्टँडवर कुणाकडे का नाही दिलात? तो ओशाळला. "बपोरी जेवणात सुकट खाल्लेली. तुमचा देव, हात कसा लावू?" दुसरी सवारी का घेतली नाही, तर देव पुढे बसलेला असताना धक्काबुक्की नको म्हणून. आणि इथेच का थांबलात, या प्रश्नाचं तर त्याला हसूच आलं. "जां उतरलां तांच येणार ना माणूस?" वापीला जाताना मी बसमधून याच वळणावरून गेले होते, डोळे मिटून धावा करत. तो तिथेच बसला होता. आणि तीही.

त्यानं मला राखोलीला दारापर्यंत सोडलं. खड्डा आला की तो वेग कमी करून फळीकडे बघायचा. भाडं विचारलं तर त्यानं फक्त नारळाला हात जोडले, आणि मी पिशव्या उतरवेपर्यंत गाडी वळवून गेलासुद्धा.

घरात दिवा लागायचाच होता. सासूबाई परात घेऊन बसल्या होत्या. मी नारळ चौरंगावर ठेवला आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवून सगळं सांगितलं, सुकटीसकट. त्या नारळाकडे बघत राहिल्या, डोळे पुसले आणि गहू मोजायला लागल्या. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात. त्याचे रोट फक्त घरच्यांनी खायचे, परक्याला तुकडाही द्यायचा नाही, आणि या बाबतीत सासूबाई फार कडक. थोरल्या दिरांची मूठ पडली, माझ्या नवऱ्याची पडली, नातवांची पडली. मला वाटलं संपलं. मी परात उचलायला वाकले तर त्यांनी माझा हात धरला.

"त्या गाडीवालानं नाव काय शे वं?"

चार तास ज्यानं माझ्यासाठी गाडी उभी ठेवली, त्याचं नाव मी विचारलंच नव्हतं. माझ्या नजरेतून काही सुटत नाही म्हणे! मी मान खाली घालून तसं सांगितलं.

आता दर श्रावणात कानबाई राखोलीलाच येते, दीर स्वतः घेऊन येतात. आमच्याकडे सव्वा मूठ गहू जास्त पडतात, आणि मी ते मोजताना खूण करत नाही, हात जोडते. तो माणूस मला त्यानंतर दोनदा नाक्यावर भेटला. पहिल्यांदा भेटला तेव्हाच रोट खायला घरी घेऊन आले. पण त्या संध्याकाळी आम्हा दोघींनाही त्याचं नाव ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी गव्हांची आणखी एक मूठ भरली आणि नारळाकडे पाहून म्हणाल्या,

"तिले म्हाईत शे. चार तास मायपाशी बसना तो, घरना मानूस शे. तू परात धर."